आभासी बाजारातलं गिऱ्हाईक

ती घटना मनातून जात नाही, कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती. आरोपींची नावं कागदावर यायच्या कितीतरी आधीची.

तेव्हा मी सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सात रस्त्याजवळ एका कंपनीने कार्यालय थाटलं. त्यांनी संगणकात एक आभासी शहर उभारलं होतं. डोळ्यांना हेडसेट लावून त्यात फिरायचं. तिथल्या बाजारात दुकान घेतलं की जगभरातून गिऱ्हाईक येईल, असं त्यांचं सांगणं. उद्घाटनाला मी गणवेशातच गेलो. फीत कापली, हेडसेट लावला. आत लांबच लांब बाजार, पाट्या, दिवे. माणूस मात्र एकही नाही. दोन मिनिटांत हेडसेट काढून "फार छान" म्हणालो. फोटो निघाले.

महिन्याभराने सकाळच्या हजेरीनंतर सांगोल्याकडची एक बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काखेत घोंगडं. मेंढरं पाळून घोंगडी विणणारं घर.

"सायेब, आमचं मालक मेंढरं इकाय निघाल्यात. त्या फोनमदल्या बाजारात दुकान घ्यायचं म्हनं. म्या नगं म्हनलं तर तुमचा फोटू दावत्यात. पोलिस सायेब सोता आत जाऊन आल्यात, म्हनत्यात."

"मग?"

"मग तुमीच सांगा की. तितं गिऱ्हाईक हाय का? आमचं घोंगडं मानूस हाताला चोळतं, गालाला लावतं, किती टोचतंय बगतं, मग घेतं. तितं कसं बगायचं?"

"मावशी, तितं गिऱ्हाईक गाल घरी ठिवून येतंय," आमचा हवालदार म्हणाला.

मीही हसलो. खरं तर मला माझ्या फोटोची लाज राखायची होती. "आहेत की गिऱ्हाईकं. भरपूर आहेत," असं सांगून टाकलं.

"तुमी बगितली?"

"बघितली."

ती काखेतलं घोंगडं सावरून निघून गेली. तिच्या येण्याची नोंद मी स्टेशन डायरीत घेतली नाही. आठ दिवसांत तिच्या नवऱ्याने सगळा कळप विकला, हे मला पुढे त्याचा जबाब घेताना कळलं.

चार-पाच महिन्यांनी ठाण्यात फोन आला. कंपनीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी बोलत होती. "सर, दुकानवाले बघायला आले की कंपनीवाले आम्हालाच हेडसेट लावून आत फिरवायचे. दर वेळी नवा चेहरा, नवे कपडे. ती गर्दी म्हणजे आम्ही चौघी." पाठोपाठ दुकानवाल्यांच्या तक्रारी आल्या. गुन्हा दाखल झाला. कार्यालयाच्या पंचनाम्यात भिंतीवरचा माझा मोठा फोटोही आला. पंच एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

कंपनीचा व्यवस्थापक शिकलेला, मृदू बोलणारा. अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो. आपण गप्प बसलो की तो बोलतो.

"सर, आमची स्ट्रॅटेजी साधी होती. आधी दुकानं भरायची. दुकानं भरली की गिऱ्हाईक आपोआप येतं."

"मग तुमचं गिऱ्हाईक कोण?"

"दुकान घेणारेच, सर."

"आणि त्यांचं?"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

"तुमच्या मुली सोडा, दुकानवाले सोडा. नुसता बाजार बघायला कोणी आत आलं? एक नाव सांगा."

त्याने ग्लासभर पाणी संपवलं. "एक नोंद आहे, सर."

"कोणाची?"

"तुमची. उद्घाटनाची. दोन मिनिटं."

जबाब लिहिणाऱ्या रायटरचा हात थांबला. "लिहा," मी म्हणालो.

जप्त केलेल्या संगणकांतल्या नोंदींनी तेच सिद्ध केलं आणि पुढचा तपास सरळ झाला. आरोपपत्र गेलं, खटला अजून चालू आहे. मेंढरं काही आरोपपत्राने परत येत नाहीत. वरिष्ठांनी पाठ थोपटली, तेव्हा मला फक्त थकल्यासारखं वाटलं. तपासाचा नेमका प्रश्न त्या बाईने कितीतरी आधी माझ्याच टेबलासमोर विचारला होता. साधी माणसं ठाण्यात येऊन साधं काही विचारतात, तेव्हा आपण घड्याळ बघतो. मला हे कळायला उशीर झाला. आणि मी तिच्याशी जे खोटं बोललो, ते कुठल्याच कागदावर आलं नव्हतं.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी सांगोल्याकडे गेलो. मेंढरांचा वाडा रिकामा होता, दोन शेळ्या तेवढ्या बांधलेल्या. नवरा डाळिंबाच्या बागेत मजुरीला गेला होता. बाईंनी मला ओळखलं. तरीही ओसरीवर घोंगडं अंथरलं.

"बसा. मेंढरं घावली का काय, सायेब?"

"नाही."

"मंग कशापायी आलाय एवढ्या लांब?"

मी बसलो. घोंगडं तळहाताला टोचत होतं.

"ताई, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, गिऱ्हाईक बघितलं का म्हणून. बाजार रिकामा होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."