लाखेने सांधलेला डोंगा

बोदलकसा येथील प्रौढांच्या साक्षरता वर्गात माझ्या शेजारी रुख्माबाई बसतात. त्यांना घरी न्यायला त्यांचे यजमान श्री. उदाराम येत आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून राहत. अशी माझी त्यांची ओळख झाली. तलावावर मासे धरणाऱ्यांचे डोंगे, म्हणजे फळ्या सांधून केलेल्या लहान नावा, तेच तयार करतात. मी त्यांना एकदा आत बोलावले, तेव्हा ते म्हणाले, "नाही वो बाई. या हाताले वासला समजते, पेन्सिल नाही." वासला म्हणजे लाकूड तासण्याचे हत्यार.

गेल्या हिवाळ्यात आमच्या रश्मी मॅडमनी वर्गाची सहल जीपने कोकणात नेली. दोन दिवसांचा रस्ता होता. विजयदुर्गाजवळ खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे. उदाराम केवळ ती पाहण्यासाठी आले होते. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि गोदीचा खडक ते वितीने मोजू लागले. शहरातली मंडळी पाहत होती. मला त्यांच्यासोबत दिसण्याचा संकोच वाटला.

मग ते माहितीच्या पाटीजवळ आले. "बाई, जहाजाचे सांधे कायनं भरत होते, लिवलं आहे का? माह्या डोंग्यात दरसाल पानी शिरते."

रुख्माबाईंना गाडी लागली होती, म्हणून मॅडम त्यांच्याजवळ थांबल्या होत्या. अक्षरे बारीक होती. दोन ओळींनंतर मी अडखळले. परीक्षेत माझा पहिला क्रमांक आला होता व ते मी जीपमध्ये दोनदा सांगितले होते. मला वाचता येत नाही, असे म्हणवले नाही. माझ्या माहेरी पळसावरची लाख काढत. तीच तोंडात आली. पाटीवर बोट फिरवीत मी म्हणाले, "लाख भरत होते."

"लाख?" त्यांनी पाटीवरून हात फिरवला. "लिवलं आहे म्हंजे बरोबरच असन."

यंदा त्यांनी नव्या डोंग्याचे सांधे लाख वितळवून भरले. हळदकुंकू लावून, नारळ फोडून डोंगा तलावात सोडला. वीस हात जाताच लाख तडकली व डोंगा पाण्याने भरून बुडाला. उदाराम पोहत परत आले.

काठावर मासे धरणारा मुन्नालाल हसला. "काय गा उदाराम, डोंगा बनवला का चाळनी?"

"पाटीवर तसंच लिवलं होतं गा. माहाच हात चुकला असन."

मी तेथेच होते. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात होता. तो मी तोंडात टाकला. पुढे गावातल्या दोघांनी आपल्या डोंग्याचे काम त्यांच्याकडून काढून घेतले, हे रुख्माबाईंनी वर्गात सांगितले, तेव्हाही मी वहीत मान घातली. त्या पाटीवर सांध्यांविषयी काही होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही.

गावातील एका कष्टाळू माणसाविषयी लिहा, असे मॅडमनी सांगितले म्हणून मी हे लिहिले. वर्गाच्या भिंतीवर लावण्याआधी मी ते उदारामांना पायरीवर बसून वाचून दाखवणार आहे.

डोंगा बुडाला त्या दिवशी ते ओल्या कपड्यांनीच एक कागद मागायला माझ्याकडे आले होते; तो मी अजून दिलेला नाही. म्हणाले, "बाई, त्या पाटीवरचं सारं मले एका कागदावर लिवून द्या."