रिकामा पाट

जुन्नरच्या एसटी स्टँडवरून पश्चिमेकडे निघालेली गाडी झेंडूच्या पोत्यांनी भरली होती. उरलेल्या जागेत माणसं बसली होती, त्यांत मी. दसऱ्याला लोक आपल्या घरी जातात, मी दुसऱ्याच्या घरी निघालो होतो. इंग्रजांनी या डोंगरांतली बंडं कशी मोडली ते बरंच वाचलं होतं. आता ज्यांची मोडली त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

गाव मागे पडलं तशी भाताची खाचरं पिवळी होत गेली. पुढे जीवधन दिसला. गड घेतल्यावर इंग्रजांनी त्याच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, पुन्हा कुणी वर जाऊन ठाण मांडू नये म्हणून. एवढ्या मोठ्या साम्राज्याला पायऱ्यांचीही धास्ती वाटावी, याचं मला हसू आलं. दुपारपर्यंत ते टिकलं नाही.

एका मित्राच्या ओळखीने मी वाडीतल्या ठमाजीतात्यांकडे उतरलो. ओसरीवर पूजा मांडलेली होती. कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. मधोमध एक पाट, हळदकुंकू वाहिलेला, वर मात्र काहीच नाही. पाहुण्यासाठीच मांडलाय असं समजून मी बसायला वाकलो.

“पावणं, तिथं नगं!”

तात्या एवढ्यानं ओरडले की माझ्या हातातली पिशवीच पडली. मग त्यांनीच मला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं.

“आमचा खापरपंजा बंडात व्हता,” ते म्हणाले. “त्याला धरून फाशी दिलं, मढं बी दिलं न्हाई. मग वाडीतली समदी हत्यारं नेली, त्याची तलवार बी. घरातलं कुणी बंडापायी रानात असलं की बाकीच्यांना रोज चावडीवर हजेरी. भाकर पोचवली म्हणून बायांना फटकं. गप ऱ्हायलात तर तलवार परत देऊ, गोरा साहेब म्हणला व्हता.”

“मग?”

“मग काय! आमी गप ऱ्हायलो. दर दसऱ्याला तिची जागा मांडून ठेवतो.”

मला त्या साहेबाचा भयंकर राग आला, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

तेवढ्यात सुरेखा बाहेर आली. ही तात्यांची धाकटी मुलगी, यंदाच पोलिसात लागलेली. दुसऱ्या दिवशी जुन्नरला वनजमिनींसाठी मोर्चा होता आणि तिथे तिचा बंदोबस्त. त्याच मोर्चाला तात्या आणि अख्खी वाडी जाणार होती. तिच्या हातात सरकारी काठी होती.

“तात्या, औंदा ही ठिवू का पाटावर? मोकळाच तर हाय.”

तात्यांचा चेहरा बघवेना. “काठी तुजी हाय, बाय. जागा त्या तलवारीची हाय.” मग म्हणाले, “उद्या हीच घिऊन आमच्या म्होरं उभी ऱ्हाशील?”

“ड्यूटी हाय, तात्या.”

“आन मारा म्हणून हुकूम आला तर?”

काठी तिने विळ्याशेजारी जमिनीवर ठेवली आणि कुंकू लावलं.

संध्याकाळी तात्यांनी सगळ्यांना सोनं दिलं, मलासुद्धा. सुरेखाला दिलं नाही. जेवायला नाचणीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी होती. इतकं चवीचं जेवण इतक्या शांततेत मी कधी जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी परतताना जुन्नरला उतरलो तर तहसील कचेरीसमोर मोर्चा पोचला होता. आडव्या बांबूंमागे पोलिसांची रांग, त्यात सुरेखा. काठीवर कालचं कुंकू तसंच होतं. पुढे रेटारेटी झाली, आतून कुणीतरी “हटवा!” म्हणून ओरडलं आणि रांगेतल्या काठ्या वर गेल्या.

सुरेखाची काठी वर गेली नाही. तिने ती आडवी धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “खाली बसा समदी! ए मावशे, बस खाली!”

ओळखीचा आवाज ऐकून वाडीतल्या बाया बसल्या. त्यांच्यामागचे बसले. वर गेलेल्या काठ्या अवघडल्यासारख्या खाली आल्या.

तात्या तेवढे उठून बांबूपाशी आले. खिशातून त्यांनी आपट्याचं सुकलेलं पान काढलं.

“सोनं घे, बाय.”

तिने काठी डाव्या हातात घेतली आणि पान वर्दीच्या खिशात ठेवलं. मग काठी पुन्हा दोन्ही हातांनी आडवी धरली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

पुण्याच्या गाडीत मला राहून राहून तो पाट आठवत होता. साहेब गेला, तलवार काही आली नाही. पुढच्या दसऱ्यालाही पाट रिकामाच मांडला जाईल. सरकार कुणाचंही असो, मोडलेला शब्द विसरला जाऊ नये म्हणून तो तसाच मांडत राहायला हवा.