आईच्या मापाची गाडी

गाडी खाली करणं हा उडाणटप्पू पोरांचा उद्योग आहे, असं आमच्या गल्लीचं ठाम मत होतं. माझंही तेच होतं. मागच्या काचेवर काहीतरी तिरकं लिहिलेलं, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि खालून मांजरसुद्धा जाणार नाही इतकी खाली आणलेली गाडी. अशी एखादी नारायण पेठेतून गेली की बाबा खिडकीतून म्हणायचे, "जमिनीत गेलात की कळवा." त्यामुळे एके दिवशी जेवताना त्यांनीच "आपली गाडी खाली करून घ्यावी म्हणतो" असं जाहीर केलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

आमची गाडी उंच होती. बाबांनी पोस्टातून निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली, जुनीच, जीपच्या जातीची. आमच्या बोळात ती वळवायची म्हणजे दोन्हीकडच्या गॅलऱ्या भरायच्या आणि "अजून थोडी मागे" असे फुकटचे सल्ले सुरू व्हायचे. सगळ्यांनी बाबांना छोटी गाडी घ्या म्हणून सांगून पाहिलं होतं. पण उंच गाडीची हौस खरी आईची. ती हिंजवडीची. लहानपणी बैलगाडीत उभं राहून लांबवर बघायची सवय लागलेली. "बुटक्या गाडीत बसलं की पुढच्या गाडीचं बूड तेवढं दिसतं," असं ती म्हणायची आणि आमच्या गाडीत पुढे बसून लोकांच्या कंपाउंडच्या भिंतींवरून आत कोणी काय वाळत घातलंय ते बघायची.

मग तिचे गुडघे गेले. घरात ती भिंतीला हात लावून हिंडायची, पण गाडीत चढायला पाय उचलेना. बसची पायरी तर त्याहून अवघड, आणि रिक्षावाल्यांना हिंजवडी म्हटलं की एकदम गॅस भरायला जायचं आठवायचं. शेजारच्या काकूंनी प्लॅस्टिकचं स्टूल आणून दिलं. आई एकदाच त्यावर चढली. मी एका बाजूनं धरलं, बाबांनी दुसऱ्या बाजूनं, समोरचे आजोबा आम्ही नको म्हणत असताना मदतीला आले आणि अर्धी गल्ली "सांभाळून हं, सांभाळून" म्हणत उभी राहिली. आई स्टुलावरून खाली उतरली आणि सरळ घरात गेली.

"मी काय घोड्यावर बसणारा नवरदेव आहे का, चार माणसांनी चढवायला? मला नाही जायचं कुठं," ती म्हणाली. आणि खरंच, त्यानंतर ती कुठं गेली नाही.

मी मात्र रोज कंपनीच्या बसनं हिंजवडीला जात होते. म्हणजे मी रोज आईच्या माहेरी जात होते आणि आईला जाता येत नव्हतं. संध्याकाळी मी दमून आले की ती विचारायची, "ओढ्यापलीकडची चिंच आहे का गं अजून? आमच्या मळ्याकडचा रस्ता बुजवला का?" माझ्या ऑफिसच्या काचेतून समोरच्या ऑफिसच्या काचा दिसायच्या. मी चिडून म्हणायचे, "आई, तिथं ओढाच नाहीये." मग तिचा चेहरा बघून मला स्वतःचाच राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी उन्हातून चिंच शोधत फिरायचे.

तिथं जुन्या गावठाणात माझा मामा राहायचा. त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं, त्यामुळे त्यालाही पुण्यात येता येत नव्हतं. दोघं फोनवर बोलायची. आमच्या घरात शुद्ध पेठी मराठी बोलणारी आई फोन हातात घेतला की दुसरीच व्हायची.

"बरा हाय का?"

"हाय की. तू?"

"मी बी हाय."

एवढं बोलून दोघं फोन ठेवायची. आदल्या वर्षीची भाऊबीज अशी फोनवरच गेली होती. त्या वर्षी नवरात्रात आई म्हणाली, "यंदा त्याला ओवाळायचंच." आणि मग आमच्याकडे न बघता, "जमलं तर."

बाबांनी गाडीचा विषय काढला तो दुसऱ्या दिवशी. नाना पेठेत एक मिस्त्री उंच स्प्रिंगा काढून आखूड बसवतो, अशी माहिती त्यांनी कुठूनशी काढली होती. आता किती खाली आणायची हा प्रश्न. टेपनं मोजून आकडा सांगता आला असता, पण बाबांचं म्हणणं, "आकडा मिस्त्री विसरेल. वस्तू समोर ठेवली की विसरायची सोय नाही." म्हणून त्यांनी देवघरातला चौरंग आणून भिंतीशी ठेवला आणि माळ्यावरून दिवाळी अंक काढले.

आमच्या घरात दिवाळी अंक रद्दीत जात नसत. आई ते वर्षभर पुरवून वाचायची. बाबा चौरंगावर एकेक अंक ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, ठेव पाय." आई दाराची चौकट धरून उजवा पाय वर ठेवायची.

"अजून एक?"

"घाला."

"आता?"

"घाला हो. गाडी काय अगदी जमिनीला टेकवायची आहे का?"

शेवटी तिनं पाय ठेवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं हसू दाबतेय. "एवढं जमतंय," ती म्हणाली. बाबांनी त्या अंकांचा गठ्ठा सुतळीनं आडवा-उभा बांधला आणि पोस्टातली त्यांची गाठ मारली, जी कात्रीशिवाय सुटत नसे. गठ्ठा चौरंगासकट दाराशी ठेवून आम्ही झोपलो.

सकाळी मी आणि बाबा नाना पेठेत गेलो. गॅरेजात गाड्या खाली करायला आलेली तीन-चार पोरं गॉगल लावून उभी होती आणि त्यांच्यामध्ये आम्ही चौरंग घेऊन.

"काका, सत्यनारायण आहे का?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुम्ही गाडी नीट करा, मग घालू," बाबा म्हणाले.

पण काय करायचंय ते कळल्यावर मिस्त्री थट्टा विसरला. त्यानं एका पोराची गाडी बाजूला काढायला लावली आणि आमची आत घेतली. त्याच्याकडे आखूड स्प्रिंगांची दोन मापं होती, एक थोडं आणि एक जास्त खाली आणणारं. जॅक लावून चाकं उतरली. जुनी स्प्रिंग काढताना तो तिला शिकंज्यात आवळून धरायचा आणि आम्हाला लांब उभं करायचा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला जिवंत ठेवत नाही, म्हणाला. त्यानं पहिलं माप बसवलं, गाडी खाली सोडली, चारदा मागेपुढे ढकलून बसू दिली आणि चौरंगावर गठ्ठा ठेवून दाराशी लावला. गाडीच्या दाराचा उंबरा गठ्ठ्याच्या दोन बोटं वर राहिला.

"झालंच की काका. दोन बोटांनी काय होतंय? दुसरं माप टाकलं तर प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासणार."

मलाही ते पटलं. पुण्यात स्पीडब्रेकर काही कमी नाहीत. बाबांनी गठ्ठा उचलला, उलटा केला, सुतळीवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

"नाही. याच्या बरोबरीला आणा."

"बाबा, दोन बोटं!"

"याच्या बरोबरीला," ते म्हणाले आणि बाहेर चहाच्या गाडीवर जाऊन उभे राहिले. मला इतका संताप आला की मी चहासुद्धा घेतला नाही. मिस्त्रीनं एक सुस्कारा सोडून सगळं परत उघडलं.

दुसरं माप बसलं, उंबरा गठ्ठ्याच्या बरोबर रेषेत आला. पण गाडी अशी खाली आली की चाकांची दिशा बिघडते, वरून ती आत झुकतात, स्टिअरिंग सरळ राहत नाही आणि टायर आतून झिजतात. ती चाकं पुन्हा सरळ करायची म्हणजे व्हील अलाइनमेंट. हे काम तो मशीनवर न करता दोरीनं करायचा. गाडीच्या दोन्ही अंगांना मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणायची, पुढच्या चाकाची कड दोरीपासून किती फटकून आहे ते बघायचं आणि खाली शिरून रॉड जरा जरा फिरवायचा. पण त्याआधी तो म्हणाला, "जे बसणार ते बसा. रिकाम्या गाडीची चाकं सरळ करून काय उपयोग?"

बाबा स्टिअरिंगवर बसले. आईच्या जागी मी. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही भरत नाही." आईचं वजन चारचौघांत सांगायला मात्र ते तयार नव्हते. त्यांनी उतरून चौरंग आणि अंकांचा गठ्ठा आणून माझ्या मांडीवर ठेवला, थोडा विचार केला, स्टेपनीही मागून काढून पायाशी ठेवली आणि परत जाऊन बसले. गॉगलवाली पोरं हसत होती. मी मान खाली घातली आणि तेव्हा मला सुतळीची गाठ दिसली.

ती बाबांची गाठ नव्हती. ती फासा ठेवून मारलेली, एक टोक ओढलं की सुटणारी गाठ होती, आई माझ्या केसात गजरा बांधताना मारायची तशी. रात्री कधीतरी तिनं सुतळी कापून, अंक कमी करून, गठ्ठा पुन्हा बांधला होता. आमच्यासमोर तिनं पाय ठेवला खरा, पण तेवढा वर पाय उचलणं तिला झेपत नव्हतं. आणि ते सांगणंही झेपलं नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं. ते समोर काचेतून नाना पेठेचा रस्ता बघत होते.

"दिसली का?" ते म्हणाले.

"हो."

"घरी बोलू नकोस."

माझा मघाचा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. चौरंग मांडीवर घट्ट धरून मी बसून राहिले आणि गाडीखालून मिस्त्री ओरडत होता, "ताई, हलू नका."

घरी आल्यावर आई न्हाणीत असताना मी गोधड्यांच्या घडीत हात घातला; काही लपवायचं असलं की ती तिथंच ठेवायची. दोन अंक होते. मी ते तसेच आत सारले.

भाऊबीजेच्या सकाळी आई हिरवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. गल्ली आपापल्या कामात असल्याचं सोंग करत बघत होती. आईनं माझ्या हातात ताट दिलं, दाराला धरलं, उजवा पाय उचलला, ठेवला आणि बसली. कुणी धरलं नाही. समोरचे आजोबा म्हणाले, "वहिनी, फारच खाली गेली हो गाडी. आता जमिनीत शिरेल."

"शिरली की कळवीन हं," आई म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

नदी ओलांडल्यापासून जे पोट घासायला लागलं ते हिंजवडीपर्यंत. बाबा प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी तिरपी घालून एकेक चाक चढवत होते. मागे कंपन्यांच्या बसगाड्या भोंगे वाजवत होत्या, मोटरसायकलवरची पोरं वळून बघत होती. मोकळ्या रस्त्यावर मात्र बाबांनी क्षणभर दोन्ही हात सोडून दाखवले. गाडी सरळ चालली होती.

"अहो, जरा जास्तच खाली झाली का?" आईनं विचारलं.

"मिस्त्री थोडा चुकला," बाबा म्हणाले.

आई खिडकीबाहेर बघायला लागली. वाकड गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "त्यो बघ, आमच्या मळ्याचा रस्ता." तिथं मोठ्या इमारतीचं फाटक होतं. या वेळी मी नुसतं "हो" म्हणाले.

मामा दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याला डाव्या हातानं डोळे नीट पुसता येईनात. आईनं उतरून त्याचं तोंड आपल्या पदरानं पुसलं.

"कशी आलीस गं?"

"माझी मी चढले गाडीत. इचार त्यांना," आई म्हणाली.

त्यानंतर मामा होता तोवर एकही भाऊबीज चुकली नाही. मग मामा गेला आणि काही वर्षांनी आईही गेली. मला तिची आठवण सगळ्यात जास्त त्या गाडीत येते, कारण डावीकडच्या सीटवरून अजून लोकांच्या भिंतींपलीकडचं थोडंफार दिसतं. गाडीचं पोट घासून घासून पत्रा निघाला. शेजारी म्हणाले, मिस्त्रीही म्हणाला, की काका, आता मूळ स्प्रिंगा टाकून गाडी वर घ्या, आता कुणासाठी खाली ठेवायची? बाबांनी दर वेळी फक्त चाकांची दिशा बघून घेतली आणि गाडी तशीच आणली.

मागच्या महिन्यात मी त्यांना डॉक्टरांकडे न्यायला गेले. आता गाडी मी चालवते, ते आईच्या जागी बसतात. मी दार उघडून हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, दाराला धरून उजवा पाय उचलला आणि उंबऱ्यावर ठेवला. पाय जेमतेम पोचला. आत बसल्यावर ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"बरं झालं तिनं दोन अंक काढले," ते म्हणाले. "एकच काढला असता तर आज मला चढता आलं नसतं."