मिनिटेबाईंची अकरा मिनिटं

मिनिटेबाईंना आपण किती कमी ओळखत होतो, हे ग्रंथपालांना त्या गेल्यावर कळलं. कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. वर बाईंचा फोटो, खाली भलतंच आडनाव. ग्रंथपालांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. दुकानदार आतून म्हणाला, "त्याच हो काका. मिनिटे आडनाव नव्हतंच त्यांचं. लोकांनी पाडलेलं नाव ते."

सगळी हयात लेखकांच्या आडनावांवरून पुस्तकं लावण्यात घालवलेल्या या माणसाने बाईंचा फोन नंबर चार वर्षं वहीत 'म' खाली लिहून ठेवला होता. बाईंना मुलंबाळं होती का, त्या राहायच्या कुठे, यातलं काही त्यांना सांगता आलं नसतं. बाई त्यांच्या घरी मोजून चार वेळा आल्या असतील. पण त्या आल्या नसत्या तर त्या घराचं काय झालं असतं, ते मात्र त्यांना नीट सांगता येतं.

ग्रंथपाल निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या नोकरीवर, महिन्यातून एकदा घरी यायचा. ग्रंथपाल जिन्यात पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा सूनबाईंनी ऑफिसची नोकरी सोडली. न रागावता, न बोलून दाखवता. घरी बसून करायचं काम त्यांनी शोधलं: डॉक्टर लोक रुग्णाविषयी जे बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून तासाभरात हॉस्पिटलला पाठवायचं. कामाची जागा म्हणजे आतल्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल. तिथून ग्रंथपालांची हाक ऐकू यायची.

वीज जायची, ती कधीही. एकदा शस्त्रक्रियेचा मोठा अहवाल शेवटच्या परिच्छेदावर असताना संगणक डोळे मिटून बसला. सगळं परत ऐकून टाइप करेपर्यंत दीड तास उशीर झाला. हॉस्पिटलमध्ये या कामावर देखरेख करणाऱ्या वरच्या बाईंनी समज दिली. ग्रंथपालांना वाटलं, आता आपण काहीतरी करायला हवं. काठी टेकत ते दुकानात गेले आणि वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, म्हणजे यूपीएस, घेऊन आले. सूनबाई भाजीला गेल्या होत्या तेवढ्यात टेबलाखाली बसून त्यांनी स्वतःच सगळ्या वायरी लावल्या. उठायला दहा मिनिटं लागली, पण मन प्रसन्न होतं.

आठवड्याने वीज गेली. डबा टूं टूं करू लागला. टेबलावरचा दिवा तसाच चालू राहिला, रेडिओवर कोणीतरी शांतपणे बातम्या सांगत राहिलं, आणि संगणक गेला.

"बाबा, हा काय प्रकार आहे?" सूनबाई म्हणाल्या. "बातम्या तेवढ्या वाचल्या, आणि पोटापाण्याचं काम बुडालं."

या वेळी वरच्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. सूनबाईंनी फोन ठेवला. परत ऑफिसची नोकरी धरायची म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ घराला कुलूप, आणि आत काठी घेऊन एकटे ग्रंथपाल. दोघांनाही ते समजत होतं.

दुकानदाराने नंबर दिला. "मिनिटेबाईंना बोलवा. डब्यांचं दुखणं त्यांनाच कळतं."

बाई आल्या त्या खांद्याला कॅनव्हासची जड पिशवी, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ, पायांत कापडी बूट. वय साठीच्या पुढचं. दारातच विचारलं, "किती मिनिटं हवीत?"

"जितकी मिळतील तितकी," ग्रंथपाल म्हणाले. "पैशाकडे बघू नका. दोन तास चालेल असा मोठा डबा असला तर..."

"असला तरी मी लावणार नाही, काका. दोन तास दिले की माणूस दोन तास काम करत बसतो आणि एकशे एकविसाव्या मिनिटाला रडतो. डबा काम करायला नसतो, आवरायला असतो. तुमचं काम आवरायला किती मिनिटं लागतात?"

हे कोणी मोजलंच नव्हतं. बाईंनी सूनबाईंना खुर्चीत बसवलं, घड्याळावर नजर ठेवली आणि म्हणाल्या, "समजा, आत्ता वीज गेली. आवरा." सूनबाईंनी टाइप करणं थांबवलं, अर्धवट अहवाल हॉस्पिटलच्या यंत्रात ठेवून दिला, तो पोचल्याची खूण येईपर्यंत वाट पाहिली, संगणक बंद केला. चार मिनिटं वीस सेकंद. "आणि हा डबा अकरा देईल. झालं की. उरलेली सात घाबरायला ठेवा."

मग बाई टेबलाखाली वाकल्या. बॅटरीचं झाकण उघडून अंगठ्याने दाबून पाहिलं, फुगली नव्हती. वासही घेतला. मग डब्याच्या मागच्या बाजूला टॉर्च मारला आणि तशाच थांबल्या. टेबलाखालून त्यांचं हसू ऐकू आलं, दाबलेलं.

डब्याला सहा भोकं होती. पहिल्या चारांना बॅटरीचा आधार, शेवटच्या दोनांना नाही. ती नुसती विजेच्या झटक्यापासून वाचवतात. हे मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ग्रंथपालांनी ते वाचलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक वायरीवर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती आणि सहा वायरी त्यांना सुचेल त्या एकमेव पद्धतीने लावल्या होत्या: टेबलदिवा, प्रिंटर, मोडेम, रेडिओ, संगणक, स्क्रीन. वर्णानुक्रमे.

"आमच्याकडे लोक वाट्टेल तशा वायरी खुपसतात," बाई बाहेर येत हळू आवाजात म्हणाल्या. "इतक्या शिस्तीत चुकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं."

ग्रंथपालांचा चेहरा उतरला. जिच्यासाठी डबा आणला, तिचंच काम त्यांनी बुडवलं होतं, आणि ते काम तिने त्यांच्याचसाठी धरलं होतं. ते पुटपुटले, "तिला सांगू नका."

"मी खोटं बोलत नाही."

"मग?"

"विचारल्याशिवाय बोलतही नाही."

सूनबाई पाणी घेऊन आल्या आणि नेमकं तेच विचारलं. "काय झालं होतं हो?"

"संगणकाची वायर बिनबॅटरीच्या भोकात होती."

"कोणी घातली तिथे?"

"घालताना मी नव्हते," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मग त्यांनी एकेक वायर उपटली. संगणक, स्क्रीन आणि मोडेम बॅटरीवर. "मोडेम विसरतात लोक. मग संगणक चालू असतो आणि पाठवायला रस्ताच नसतो." प्रिंटर शेवटच्या भोकात. "हा बॅटरीवर कधीही नको. छापायला लागला की एका घासात सगळं खातो." दिवा आणि रेडिओ सरळ भिंतीत. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. "तीन वर्षांनी बॅटरी म्हातारी होईल. मी फोन करीन." मग सगळं झाल्यासारखं पिशवी भरू लागल्या. सूनबाई कामाला बसल्या. त्या चांगल्या रमल्या, तेव्हा बाईंनी काही न बोलता भिंतीवरचं बटण बंद केलं.

सूनबाई ताडकन उठल्या. "अहो, खरा अहवाल आहे तो."

"म्हणूनच. खोट्या कामावर हात शिकत नाही. बसा, आवरा."

त्या दिवशी बाईंनी तीन वेळा बटण बंद केलं. तिसऱ्या खेपेला सूनबाई मागे वळूनसुद्धा न बघता चार मिनिटांत मोकळ्या झाल्या.

जाताना जिन्यापाशी ग्रंथपालांनी विचारलं, की हे सगळं त्या कुठे शिकल्या. तेवढंच काय ते बाई स्वतःबद्दल बोलल्या. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरीच्या खोलीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. माणसाच्या छातीएवढ्या उंच बॅटऱ्या, रांगाच्या रांगा. रोज प्रत्येकीचं पाणी बघायचं, आकडा लिहायचा. "सगळं गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा. लोकांना वाटायचं, फोनला वीज लागतच नाही." यात तक्रार नव्हती. असलंच तर थोडं मिरवणं होतं. ग्रंथपालांना आठवलं, आपल्यालाही तसंच वाटायचं.

पुढच्या महिन्यात भर दुपारी वीज गेली. सूनबाईंच्या कानात एका सर्जनचं बोलणं चालू होतं आणि अहवालाच्या चार-पाच ओळीच राहिल्या होत्या. डबा टूं टूं करू लागला. ग्रंथपाल काठी घेऊन दारात आले. सूनबाईंची बोटं कळफलकावर तशीच होती. चार-पाच ओळी. अकरा मिनिटांत सहज झाल्या असत्या, असं कोणालाही वाटलं असतं.

"आवर," ग्रंथपाल म्हणाले.

सूनबाईंनी बोटं उचलली. अहवाल होता तसा ठेवून दिला. खूण यायला त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. सगळ्या शहराची एकदम पळापळ झाली असणार. सात मिनिटं गेली. संगणक बंद झाला, आणि थोड्या वेळाने डबाही गप्प झाला.

वीज पाच तास आली नाही. संध्याकाळी वरच्या बाईंचा फोन आला. घरून काम करणाऱ्या पाच जणींपैकी चौघींचे अहवाल बुडाले होते. सूनबाईंच्या शेवटच्या ओळी त्यांनी ऑफिसात पुऱ्या करून घेतल्या होत्या. तिसऱ्यांदाचं बोलणं पुन्हा कधी निघालं नाही.

तेव्हा ग्रंथपालांनी धीर करून सांगितलं, की मागच्या वेळच्या वायरी त्यांनी लावल्या होत्या.

"माहीत आहे," सूनबाई म्हणाल्या. "औषधाच्या गोळ्यासुद्धा वर्णानुक्रमे लावणारं या घरात दुसरं कोण आहे? मिनिटेबाईंना उगाच कोड्यात बोलायला लावलंत."

बाईंनी तीन वर्षांनी खरोखरच फोन केला, ठरल्या तारखेला. आल्या, त्या शेवटच्याच; जिना चढून थोड्या दमल्यासारख्या वाटल्या, पण ग्रंथपालांनी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारणं त्यांना कधी जमलं नाही. सूनबाई आता सहा जणींचं काम तपासत होत्या. त्या सहाही जणींच्या घरी बाईच जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या घरी न सांगता बटण बंद केलं होतं. एकीने तर रागाने त्यांना पुन्हा यायचं नाही असं बजावलं होतं आणि महिन्याने स्वतःच फोन केला होता, हे सूनबाईंनी हसत सांगितलं. बाईंनी नवी बॅटरी बसवली, नवी तारीख लिहिली, सूनबाईंना एकदा आवरायला लावलं आणि जुनी बॅटरी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या कॅनव्हासच्या पिशवीचा बंद तुटायला आला होता.

"एखादी पिशवी असेल का हो, काका? हिच्यात ठेवली तर जिन्यातच पडेल."

ग्रंथपालांनी दारामागची कापडी पिशवी काढून दिली.

"परत आणून देते."

"सावकाश द्या," ग्रंथपाल म्हणाले. "घाई नाही."