सादिरकुलची तीन चुकलेली वर्षं

आमच्या गावात एक गोष्ट तीसेक वर्षं कुजबुजली जात होती. ऑगस्ट संपत आला की सादिरकुलची बायको अनारकान पिशवी पाठीवर टाकून दरीत वर जाते, ती थेट विधुर बोरोनबायच्या तंबूकडे; आणि नवरा बिचारा तेव्हा हिमनदीवर जीव धोक्यात घालत असतो. ही गोष्ट पसरवली कोणी ते विचारू नका. मी फक्त चार घरी सांगितली होती.

सादिरकुलचं काम सरकारी. हिमनदीच्या कडेला खडकांवर कुठल्याशा जुन्या मोहिमेने तांबड्या रंगात एक ते चाळीस आकडे रंगवलेले, खालून वर. उन्हाळा सरताना पांढरं हिम कितव्या आकड्यापर्यंत मागे हटलंय आणि कुठून खाली नुसता करडा, उघडा बर्फ उरलाय, तेवढं वहीत लिहायचं. त्यासाठी त्याला बूट मिळालेले. ते तीस वर्षांत झिजले नाहीत. काय माल देतात सरकारवाले, असं आम्ही म्हणायचो.

प्रत्येक लग्नात मेंढीचं डोकं मानाने त्याच्यापुढे यायचं आणि तो सुरू व्हायचा, "त्या भेगेत मी कमरेपर्यंत गेलो, खाली पाहिलं तर तळच नाही!" घराच्या छपरावर गवत रचायला मात्र तो कधी चढला नाही. तिथेही अनारकानच.

दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात राजधानीहून, बिश्केकहून, नूरजामाल नावाची संशोधक आली. तिच्याकडे उपग्रहाने टिपलेली त्या हिमनदीची चित्रं होती, अगदी सादिरकुल कामाला लागला त्या सालापासूनची. चित्रातली हिमाची रेघ आणि वहीतला आकडा ती ताडून बघत होती. चहाला मीही होतो. मी कुठे नसतो?

"बाइके, कमाल आहे तुमची," ती सादिरकुलला थोरला भाऊ मानून म्हणाली. "तुमचे आकडे आणि आकाशातली रेघ हातात हात घालून चालतात. पंच्याऐंशीत अकरा, आता एकोणतीस. पण सत्त्याऐंशी, नव्वद आणि शहाण्णव? तिन्ही वर्षी तुम्ही सोळाच लिहिलंय, आणि चित्रात हिम भलतीकडेच आहे."

"धुकं असेल."

"मग धुक्यात सोळा दिसला कसा?"

सादिरकुलने बोरसोक तोंडात कोंबला. तळलेल्या पिठाचा एवढासा गोळा, पण त्याला चावायला बराच वेळ लागला.

"काही वर्षं ढगांमुळे उपग्रहाला काहीच दिसलं नाही," नूरजामाल म्हणाली. "त्या वर्षांसाठी माझ्याकडे दुसरा पुरावाच नाही, ही वही सोडून. पण तीन आकडे मनाचे असतील तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवू? मला अख्खी वही बाजूला ठेवावी लागेल."

तिने वही मिटली. अनारकान चहा ओतत होती. वाटी भरून वाहिली, चहा चादरीवर सांडला तरी तिचं लक्ष वहीकडेच.

मला राहवलं नाही. "सत्त्याऐंशी म्हणजे यांची थोरली. नव्वदला मधला, शहाण्णवला शेंडेफळ. तिघंही ऑगस्टातली. तिन्ही पाळण्यांची मेजवानी जेवलोय मी."

"पण बाळंतपण एजेंचं होतं ना?" नूरजामाल अनारकानकडे बघत म्हणाली. "मग बाइकेंना वर जायला काय झालं?"

सादिरकुलने आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या माणसाला आधी बाहेर काढा."

"माझा चहा संपायचाय," मी म्हणालो.

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला भोवळ येते. खुर्चीवर उभा राहिलो तरी येते. मी एकदाही वर गेलेलो नाही. आकडे हिचे आहेत. ते तीन सोळा तेवढे माझे."

"सोळा!" अनारकान उसळली. "अहो, मला विचारायचं तरी! खाटेवर पडल्या पडल्या मी याहून बरा अंदाज सांगितला असता. आणि तिन्ही वेळा तोच आकडा? निदान एकदा सतरा तरी लिहायचंत!"

नूरजामाल हसली ती हसतच राहिली. मग तिने तीन ओळींवर काट मारली, मुखपृष्ठावरचं नाव खोडलं, तिथे अनारकान लिहिलं आणि वही आपल्या पिशवीत टाकली.

"आणि एजे, ते सरकारी बूट?"

"मला मोठे होतात. मी माझ्या रबरी बुटांनी जाते."

सादिरकुल पुढे चार महिने कुठल्या लग्नाला आला नाही. आला तेव्हा मेंढीचं डोकं त्याने स्वतःच अनारकानपुढे सरकवलं.

राहता राहिली ती कुजबुज. अनारकान दरवर्षी बोरोनबायच्या तंबूवरून जायची, पण आत पाऊल टाकायची नाही. आत तिचा नवरा घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमीस पीत तीन दिवस लोळत असायचा. ती वर जाऊन खडकावरचा आकडा वाचायची आणि खाली यायची.