पुढे मी, मागे कुंदा

कुंदा गेली ती दुपारी पावणेदोनला. माझी धाकटी जाऊ. बेचाळीस वर्षांत एकही गोष्ट तिने वेळेवर केली नाही, आणि सदाशिव पेठेत माणसं नेमकी आडवी होतात तेव्हा तिच्या मुलीचा, मीनलचा फोन आला. "काकू, आई गेली." मी म्हटलं, "आलेच," आणि फोन ठेवून नुसती पंख्याकडे बघत बसले... त्याला आता दीड महिना होईल. तेराव्याला तिच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये (धायरी म्हणजे पुणे नव्हे, हे तिथे राहायला जातानाच मी तिला सांगितलं होतं) पन्नासेक माणसं जमली आणि गोड बोलायची चढाओढ लागली. कुणी म्हणालं सोशिक, कुणी म्हणालं अन्नपूर्णा. जिने कुंदाच्या हातचा चहासुद्धा कधी घेतला नसेल, अशी एक बाई डोळे टिपत होती. मग थोरली म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुगरण होती हो आमची कुंदा!" हे धादांत खोटं आहे. ते विधान मागे घ्यायचं म्हणूनच आज लिहायला बसले आहे. खोटं बोलणार नाही असा मी तिला शब्द दिला होता, आणि तेराव्यालाच तो मोडला.

तर, कुंदा सुगरण नव्हती. तिचा उपमा ताटलीला असा चिकटायचा की ताटली उपडी केली तरी खाली पडत नसे. तिच्या चकल्या दिवाळीत कुणी चावू शकत नसे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्या मऊ पडत. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. गणितात 'प्रयत्न बरा होता' म्हणून गुण मिळत नाहीत. मी तिलाही कधी दिले नाहीत. किल्ल्या हरवायची, दूध उतू घालवायची, भाजीवाल्याशी अर्धा तास गप्पा मारून भाजी विसरून यायची. आणि वर काहीही बोला, उत्तर ठरलेलं, "हो वहिनी." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं "हो वहिनी" तयार! मला वाटायचं, बेताच्या डोक्याची बाई आहे, कुणीतरी पुढं होऊन वळण लावायला हवं. ते मी लावलं, असं मी समजत होते.

माझ्या मुलाने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं, तेव्हा मी जाहीर केलं होतं की मांडवात पाऊल ठेवणार नाही. घरात कुणाची माझ्याशी बोलायची टाप नव्हती. लग्नाच्या दिवशी सकाळी कुंदा शालू नेसून दारात उभी. "वहिनी, मला एकटीला बसची भीती वाटते हो. सोडायला तरी चला. तुम्ही आत येऊ नका." आता हिला एकटीला पाठवलं असतं तर ही स्वारगेटऐवजी भलतीकडेच उतरली असती. गेले सोडायला. दारापर्यंत गेले, मग अक्षता आल्या हातात, मग... टाकल्या. पुढे कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी मन मोठं केलं. हीच कुंदा दर मे महिन्यात बार्शीला माहेरी एकटी एसटीने जात असे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

या जानेवारीत ती पुन्हा तशीच दारात उभी. तोवर दोघींचेही नवरे गेलेले. "वहिनी, डोंगरातल्या तलावाकाठी तंबूत राहायचं, कयाकिंग करायचं. छोटी होडी असते, दोघींची. मी पैसे भरलेत. मला एकटीला भीती वाटते." वय वर्षं पासष्ट, आणि म्हणे कयाकिंग! मी गेले ते केवळ ती बुडू नये म्हणून.

जाहिरातीत 'डोंगरकुशीतले दोन निळे तलाव' होते. एक तलाव म्हणजे मावळातल्या एका धरणाचं पसरलेलं पाणी, आणि दुसऱ्यात गुडघाभर चिखल, त्यात म्हशी. म्हशी मात्र समाधानी दिसल्या. तंबू इतके चिकटून की शेजारच्याचं घोरणं आपल्याच उशीवर. आयटीतली मुलं 'नेचर फील' करायला आली होती आणि सोबत कपाटाएवढा स्पीकर आणला होता, निसर्गाने मध्येच काही बोलू नये म्हणून. जेवायला काडीला टोचलेलं पनीर, बाहेरून कोळसा, आतून गारढोण. कुंदा मिटक्या मारत खात होती. तिची चव आयुष्यभर तेवढीच.

सकाळी होडी आली. म्हणजे केळीच्या आकाराचं पिवळं प्लॅस्टिक. मी पंजाबी ड्रेसवर ते फुगीर जाकीट चढवलं, कुंदाने मीनलची ट्रॅकपँट घातलेली... देवा! गळ्यात शिट्टी अडकवलेली शिकवणारी मुलगी म्हणाली, "पुढे कोण बसणार?" मी म्हटलं, "म्हणजे काय? मी. मी थोरली." "नाही काकू, त्याचं काय असतं..." असं म्हणून ती एकदम गप्प झाली. माझ्या मागे कुंदा उभी होती.

पाण्यात मी सूचना देत होते. "कुंदा, डावीकडे." "हो वहिनी." होडी उजवीकडे जायची. वारा असेल, म्हटलं. काठावरचा तो स्पीकर ऐकू येईनासा झाला तेव्हा मागचं वल्हं थांबलं.

"वहिनी, मागे वळू नका हं. होडी हलते."

"बोल."

"माझे रिपोर्ट आलेत. चांगले नाहीत. मीनलला अजून सांगितलं नाही."

"कोण तो डॉक्टर? दुसऱ्याला दाखवू."

"दाखवले. दोघांना." मग म्हणाली, "मी गेल्यावर सगळे गोड गोड बोलतील. तुम्ही नका बोलू. इतक्या वर्षांत तुम्ही एकट्याच माझ्या तोंडावर खरं बोललात. मला राग यायचा, नाही असं नाही. पण निदान तेवढं खरं राहू दे."

"गोड बोलायला मला कुठे येतं?"

"शब्द द्या."

"दिला."

मागून आवाज आला. तो हसण्याचा होता, असं मी आजवर धरून चालले आहे. मी वळले नाही. होडी उलटली असती तरी वळायला हवं होतं... जाकिटं होतीच की अंगात.

काठाला लागल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बघ, कशी सरळ आणली!" कुंदा "हो वहिनी" म्हणून चप्पल शोधायला गेली. ती शिट्टीवाली मुलगी हसली. म्हणाली, "काकू, दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस वळवतो. पुढच्याने नुसतं वल्हं मारायचं. मी सांगणारच होते, पण त्या काकूंनी खूण केली, राहू दे. मग म्हणाल्या, त्यांना पुढेच आवडतं."

येताना गाडीत ती तोंड उघडं टाकून झोपली होती आणि मी संतापाने धुमसत होते. बसची भीती. तंबूची भीती. बार्शीची एसटी! बेचाळीस वर्षं मी तिला वळण लावत होते आणि ही बया मला वळवत होती, "हो वहिनी" म्हणत म्हणत. तिला जाब विचारायचा होता. पण नंतर दवाखाने सुरू झाले, आणि मी रोज धायरीला जाऊन तिच्यासमोर बसून तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत राहिले. तेवढंच तिला बरं वाटायचं. जाब राहिला.

तेव्हा पुन्हा सांगते, कुंदा सुगरण नव्हती, टापटीप नव्हती, सोशिक तर मुळीच नव्हती. हिशेबाने दहापैकी तीन. वळवायला मात्र उत्तम यायचं. त्यात दहापैकी दहा, आणि हे मी गोड बोलत नाहीये.

या लेखासोबत फोटो हवा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं. मीनलला आईच्या मोबाइलमध्ये एकच अलीकडचा सापडला, त्या शिट्टीवाल्या मुलीने काठावरून काढलेला. संपादकांचा लगेच फोन, "बाई, यात तर फक्त तुम्हीच दिसताय. तुमच्या मागे त्या झाकल्या गेल्यात. दुसरा नाही का?"

मी म्हटलं, हाच छापा. नीट बघा, माझं वल्हं हवेत आहे. पाण्यात आहे ते तिचं.