लिंबाखालची जागा

पूर ओसरल्यावर सकाळी मी माझ्याच रानात उभी राहून दिराला विचारलं, "भावजी, आपलं रान कुठं हाय?"

धाकटा दीर माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "हे काय वैनी, रानातच उभ्या तुमी."

मला खरंच कळत नव्हतं. पुढं नुसती वाळू, गोटे आणि कुणाच्या तरी रानातून आलेली कपाशीची झाडं. ओढा जिथून वाहायचा तिथं गाळ बसला होता, अन् जिथं कालपर्यंत आमचं सोयाबीन उभं होतं तिथून गढूळ पाणी चाललं होतं. शेजाऱ्याचा धुरा कोणता, आमचा कोणता, काही मेळ लागेना. रोज डोळे झाकून चालत यायची ती वाट कुठून कुठं वळते तेच उमजेना. मी तिथंच वाळूत बसले.

आमचं गाव डोंगरकडा गावाच्या अलीकडं. पोळा होऊन गेला होता. आदल्या दिवशी दुपारीच आभाळ असं दाटलं की घरात दिवा लावावा लागला. पाऊस एका अंगानं येतो हे आम्हाला ठाऊक. त्या दिवशी तो कळमनुरीकडूनही आला अन् वारंग्याकडूनही आला. विजा तर अशा की म्हशीनं दावं तोडलं. नवरा फवारणीचं औषध आणायला वारंगा फाट्याला गेला होता, तो तिकडंच अडकला. मी दोन्ही पोरींना कुशीत घेऊन कोपऱ्यात बसले. ओढ्याचा आवाज येत होता, पण तो कुठल्या बाजूनं येतोय ते कळत नव्हतं. कधी मागून वाटायचा, कधी वेशीकडून.

घरात पाणी शिरलं नाही. सकाळी जो तो येऊन म्हणायला लागला, सुटलात बाई तुमी, घर वाचलं, ढोरं वाचली, रान काय, पुढच्या साली पिकंल. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी सोयाबीन बघायला रानात गेलेच नव्हते. मी लिंब बघायला गेले होते.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमचा जुना कडुलिंब होता आणि त्या लिंबाखाली माझा पोरगा होता. मोठ्या पोरीच्या पाठीवर झालेला. बारसं व्हायच्या आधीच गेला, म्हणून त्याला नाव नाही. दात न आलेल्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. बायांनी सोबत जायचं नसतं, त्यातून मी ओली बाळंतीण. सासरे, नवरा आणि दीर त्याला घेऊन गेले, रिकाम्या हातानं आले आणि दारातच आंघोळ केली. कुठं ठेवलं, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती, आणि विचारलं असतं तर सासऱ्यांनी, आमच्या आबांनी, एका नजरेत गप केलं असतं.

पण जागा मला कळली. त्या साली मी पहिल्यांदा रानात गेले तेव्हा नवरा औत हाकत होता. लिंबापाशी आला की तो बैल लांबून वळवायचा, झाडाच्या पार ओढ्याकडच्या अंगाला मोठी जागा सोडून. एकदा नाही, दर फेरीला. मी बांधावर उभी राहून बघितलं आणि मनात म्हटलं, इथंच हाय तर माझं लेकरू. नवऱ्यानं तोंडानं सांगितलं नाही, औतानं सांगितलं, असं मी धरून चालले. तेव्हापासून रानात जेवायला बसलं की भाकरीचा पहिला तुकडा त्या जागेवर. धाकटी झाली तेव्हा तिलाही आधी तिथं नेऊन दाखवलं. हा तुझा भाऊ, म्हटलं. एवढंच माझं होतं त्याचं. तेही पाण्यानं नेलं काय, हे बघायला मी धावत आले होते, अन् इथं तर लिंबाचा पत्ताच नव्हता.

दीर लिंब हुडकायला लागला. आमचे भावजी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. आधी म्हणाला, त्या खडकापाशी होता. मग म्हणाला, न्हाई, त्या पाइपाच्या पुढं. मग ज्या पाण्यात कंबरभर बुडायला झालं असतं तिथं बोट दाखवलं. मी चिडले. "एक जागा बराबर सांगा, भावजी."

"पर वैनी, लिंबच काहून हुडकून राहिल्या? सरपणाला?"

मी त्याला सांगितलं काहून ते. तो खाली बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "लिंबाखाली न्हाई वाटत मला. आबा तर बोरीच्या झाडाकडं गेले होते."

"तुमी बघितलं?"

"मला वाटंवरच थांबवलं. कुदळ दिली अन् माघारी फिरलो. पोरच होतो मी तवा."

बोर तर ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला. तीही आता दिसत नव्हती. लिंबाखाली असेल तर पाण्यानं नेलं. बोरीखाली असेल तर तिकडं गाळ बसलाय, म्हणजे कदाचित अजून तिथंच, आणखी खोल. मग देवाला काय म्हणायचं? बोरीखाली असू दे म्हणायचं? म्हणजे इतकी सालं मी ज्या जागेला भाकर दिली ती मोकळी माती होती, असंच म्हणायचं? काय मागावं तेच मला कळेना. पंचनाम्याला माणूस आला, त्यानं विचारलं, बाई, काय काय गेलं? दिरानं सोयाबीन सांगितलं, मोटार सांगितली, पाइप सांगितले. लिंब कुणी सांगितला नाही.

दुपार कलल्यावर नवरा आला. फाट्यापासून चिखल तुडवत, औषधाची पिशवी काखेत धरून. रानाकडं एकदा बघितलं आणि माझ्याजवळ येऊन बसला. त्याला वाटलं मी पिकासाठी बसलेय. "जाऊ दे," म्हणाला, "आपुन हाव ना."

मी म्हटलं, "पोरगा कुठं ठेवला होता?"

तो पायाचा चिखल खरवडायला लागला. आमचा माणूस असाच, तोंडाला कुलूप. पण त्या दिवशी मी सोडणार नव्हते. "लिंबाखाली का बोरीखाली? भावजी बोरी म्हनतेत. तुमी बाप हाव, बराबर सांगा."

"मला ठावं न्हाई."

"ठावं न्हाई म्हंजे?"

"धुऱ्यापाशी आबांनी माझ्या हातातून घेतलं. म्हनले, बापानं बघू नये, गावाकडं तोंड कर. मी केलं. पुढं ते एकटेच गेले."

"मंग नंतर इचारलं न्हाई?"

"आबांना काय इचारणार?"

सासरे जाऊन तीन सालं झाली होती. म्हणजे ज्याला ठाऊक होतं तो गेला, आणि जिवंत होते त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

"अन् मंग लिंबाला औत काहून वळवायचे इतक्या लांबून?"

"त्या साली मुळं वर आली होती तिकडं. फाळ अडकायचा." मग म्हणाला, "पयल्या साली मुळांसाठीच वळवलं. मंग तू तिथं भाकर ठेवायला लागलीस. मला वाटलं, आबांनी तुला सांगितलं असंल. म्हनून मी अजूनच लांबून वळवायला लागलो."

मी त्याच्याकडं बघून भाकर ठेवत होते आणि तो माझ्याकडं बघून जागा सोडत होता. आंधळ्याला आंधळा वाट दाखवतो म्हणतात ते आम्हीच. मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी त्याला नको नको ते बोलले. मुका हाव, दगड हाव, एका शब्दानं बोलला असता तर तुमचं काय गेलं असतं, असं सगळं. तो ऐकून घेत होता. राग संपला तेव्हा मला लई एकटं वाटलं. आता रडायचं तरी कोणत्या जागेकडं तोंड करून, हेही राहिलं नव्हतं.

तेवढ्यात तो म्हणाला, "दिसायला कसं होतं गं?"

मला आधी समजलंच नाही. "कोण?"

"लेकरू."

त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत नवरा यायचा नाही. आबांसमोर त्यानं आपलं लेकरू उचलून घ्यायचं म्हणजे निर्लज्जपणा. दारातून एखाददा डोकावला असेल, तर खोलीत अंधार आणि धूर. आणि हातात दिलं तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत धडप्यात गुंडाळलेलं. इतकी सालं मी, जागा तोंडानं सांगितली नाही म्हणून, मनात त्याच्याशी भांडत होते, आणि त्याच्यापाशी तर पोराचं तोंडसुद्धा नव्हतं.

मी सांगायला लागले. जावळ दाट होतं, म्हटलं, कपाळावर यायचं. रंग माझा, बोटं लांब. रडायच्या आधी खालचा ओठ आत घ्यायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, अन् मग रडायचा.

त्यानं पिशवी बाजूला ठेवली.

"ओठाचं परत सांग," म्हणाला.